थोरली, धाकटी आणि आमचं घर

१२ मे, सोमवार

तारीख ठरली! १० जून, मंगळवार. ऑफिसात ती कुठे लिहायची नाही — मेलमध्ये नाही, फळ्यावर नाही. कॉनराडनं, म्हणजे आमच्या विभागाच्या सर्वांत वरच्या साहेबानं, दार लावून घेतलं, तोंडी सांगितली आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. जणू आम्ही तिथूनच धावत जाऊन कोणाला तरी सांगणार होतो.

म्हणून इथे लिहिते. कंपन्यांची नावं मात्र इथेही लिहवत नाहीत, हात अडतो. माझी कंपनी ती थोरली. माझ्या नवऱ्याची, वॉरेनची, ती धाकटी. वयानं खरं तर धाकटीच मोठी, पण जगातल्या निम्म्या लोकांना काही शोधायचं झालं की ते आमच्या दारात येतात, त्यामुळे थोरलेपणा आमच्याकडे. धाकटी फोन विकते आणि त्या फोनवर कोणी काय चालवायचं ते ठरवते. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही आणि दोघींना एकमेकींचं तोंड पाहवत नाही. एका घरात दिलेल्या दोन जावाच.

तर १० जूनला आमचा जर्दाळू बाहेर पडणार. म्हणजे इअरफोन. समोरचा त्याच्या भाषेत बोलतो, आपल्या कानात आपल्या भाषेत ऐकू येतं, तेही त्याच्याच आवाजात. तो आवाज माझ्या टीमनं बनवला. टोपणनाव जर्दाळू, कारण ऑफिस उभं आहे तिथे पूर्वी जर्दाळूच्या बागा होत्या. झाडं तोडली, नाव ठेवलं. आई त्या बागांची फळं डबाबंद करायच्या कारखान्यात होती. तिला हे नाव सांगता येत नाही याची हळहळ वाटते. चांगली फिरकी घेतली असती तिनं.

दरवर्षी वकील येऊन आम्हाला शिकवतात — 'बाजार', 'चिरडणे', 'एकहाती' हे शब्द मेलमध्ये नकोत. 'प्रतिस्पर्धी' नको, 'या क्षेत्रातले इतर' म्हणा. उद्या खटला झाला तर कोर्टात मोठ्यानं वाचून दाखवतात म्हणे.

इथे कोण वाचणार? धाकटीला चिरडायचं आहे. बरं वाटलं लिहून.

१४ मे, बुधवार

वॉरेन आज पुन्हा जेवण अर्धं टाकून गॅरेजमध्ये गेला, फोनवर. परत आला तेव्हा पास्ता गार. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. माझा फोन आला की मी गाडीत जाऊन बसते. तोही विचारत नाही.

लग्न ठरलं तेव्हाच हे ठरलं. घरात ऑफिस नाही. तो धाकटीत करारमदार बघतो, मी थोरलीत आवाज बघते, आणि मधे आमची भिंत. आमच्या सनीव्हेल गावात अशी जोडपी गल्लोगल्ली आहेत. शेजारचे दोघं तर एकाच बँकेत खातं ठेवत नाहीत. पण आमच्यासारखी भिंत कोणाची नाही, हे मी अभिमानानं लिहिते. एवढ्या वर्षांत एक वीट हललेली नाही.

पार्टीत कोणी नको ते विचारलं तर काय करायचं, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. हवामानाबद्दल बोलायचं. 'काय छान ऊन पडलंय.' सनीव्हेलमध्ये ऊन रोजच छान पडतं, त्यामुळे समोरचा लगेच समजतो आणि विषय बदलतो.

१८ मे, रविवार

आईकडे जेवायला. तिला सांगून टाकलं की यंदा फेस्टाला येत नाही. फेस्टा ८ जूनला, रविवारी. आमच्या पोर्तुगीज लोकांचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. आल्यागेल्याला फुकट जेवण — मांसाचा रस्सा, पावावर ओतलेला, वर पुदिना. तिथल्या स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभी राहून मी लहान होते तेव्हापासून रस्सा वाढत आले आहे. आणि ८ जूनला आमची स्टेजवरची रंगीत तालीम.

"आजारी आहेस?" आई म्हणाली.

"काम आहे गं."

"रविवारी? तुझा साहेब कुठल्या धर्माचा?"

"त्याला नाही धर्म. मंगळवारनंतर मी मोकळी आहे. मग रोज येते, म्हणशील तितके टोप घासते."

"फेस्टा मंगळवारनंतर घ्या म्हणून पाद्र्यांना सांगू का?"

मी हसले. गाडीत बसायच्या वेळी वॉरेन लिंबांची पिशवी घेऊन मागच्या अंगणातून आला, तर आई त्याला म्हणते कशी — "ऐकलंस का, तुझी बायको म्हणे त्या मंगळवारनंतर मोकळी होणार. तोवर देवानं कळ काढायची."

एवढं सांभाळलं आणि आईच्या अंगणात सांडलं. वॉरेननं तोंडावरची सुरकुतीही हलू दिली नाही. "टोप मी घासेन, फिलोमेना," एवढंच म्हणाला. घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ.

आज जरा जास्तच लिहिलं. वॉरेन ते बाहेर सांगणारा नाही.

३१ मे, शनिवार

डॅनिकाचा फोन. पूर्वी माझ्याच टीममध्ये होती. नोकरी सोडून पोर्टलंडला स्वतःची छोटी कंपनी काढली. कानात भाषांतर ऐकवायचं हे तिनंच आधी केलं, दवाखान्यांसाठी. पेशंट एक भाषा बोलतो, डॉक्टर दुसरी. थोरलीनं तिला विकत घ्यायचं ठरवलं होतं. ती नको म्हणाली. त्यानंतरच आमचा जर्दाळू सुरू झाला, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

"तुमच्याकडचं काही येतंय का गं?" तिनं विचारलं.

"इथे ऊन फार छान पडलंय."

ती समजली. मग म्हणाली, "मेले मी."

वाईट वाटलं. पण तिला धरून बसले तर माझ्या टीमचं काय?

४ जून, बुधवार

धाकटीनं आज स्वतःचा इअरफोन दाखवला. आमच्या आधी. हुबेहूब! कानात आपली भाषा, त्याच्याच आवाजात, सगळं. आवाज आमच्यापेक्षा वाईट, घशात चमचा अडकल्यासारखा, पण आधी आला तो आधी आला. जग दुसऱ्याचं नाव लक्षात ठेवत नाही.

मोठ्या पडद्यासमोर आम्ही सगळे उभे. माझ्या टीममधली नोरीन रडायलाच लागली. बाळंतपणाची रजा अर्धी टाकून आली होती बिचारी. कॉनराड मागे भिंतीला टेकून उभा. मला वाटलं होतं, आता कोणाला तरी खाईल. तो म्हणाला, "शांत राहू या." मग गेला जेवायला.

सगळ्यांच्या तोंडी एकच — त्यांना तारीख कोणी दिली?

घरी आले तर वॉरेननं सूप केलेलं. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"तू सांगितलीस का तारीख?"

त्यानं गॅस बंद केला. "मला विचारू नकोस."

"हो की नाही, एवढंच."

"मी हो म्हटलं तर ते तुला उद्या ऑफिसात सांगावं लागेल. नाही म्हटलं तरी सांगावं लागेल, आणि मग ते विचारतील नाही कशावरून. तुला माहीत आहे हे."

माहीत आहे. आमच्याच भिंतीचा नियम आहे. पण एक 'नाही' म्हणायला काय जात होतं त्याचं? मी न जेवता झोपले.

५ जून, गुरुवार

कंपनीच्या वकीलबाई, हॉलिस. खोलीत खिडकी नाही, टेबलावर टिश्यूचा खोका मात्र आहे. "घरात या क्षेत्रातल्या इतरांकडे कोणी काम करतं का?" करतं, हे मी नोकरी धरतानाच लिहून दिलंय. "तारखेचा उल्लेख घरी कधी झाला?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. फेस्टा, मंगळवार, आई, लिंबांची पिशवी — सगळं सांगितलं.

"तुमच्या आईंचा त्या कंपनीशी काही संबंध?"

"तिला त्यांनी फुकट फोन दिला तरी ती तो चहाच्या कपाखाली ठेवेल."

हॉलिसबाई हसल्या नाहीत. टिपून घेतलं.

८ जून, रविवार

तालीम रद्द, मंगळवारही रद्द. तेव्हा फेस्टाला गेले. म्हणजे तारीखही गेली आणि कामही.

सगळं नेहमीसारखं. लांबलचक टेबलं, रांग रस्त्यापर्यंत, वाफेनं चष्मे पांढरे. कोण कुठला, श्रीमंत की भणंग, कोणी विचारत नाही, पानात रस्सा पडतो. मागे मोरीवर वॉरेन, ॲप्रन बांधून टोप घासत होता. आम्ही बोललो नाही.

तारीख फुटल्याचं आईला कोणीतरी सांगितलं होतं. वाढता वाढता हळूच विचारलं तिनं — "माझ्या तोंडामुळे झालं का गं?"

नाही म्हणायला हवं होतं. पण वकीलबाईंना तर मीच तसं सांगून आले होते. मी गप्प बसले. आईनं पळी टोपात टाकली आणि कोठीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. "तुझ्या साहेबाला इथे आण," म्हणाली, "जेवायला घालते आणि सांगते की चूक म्हातारीची आहे, पोरीची नाही."

मला स्वतःची लाज वाटली. आणि वॉरेनचा राग आला, कारण एका शब्दात त्याला हे थांबवता आलं असतं.

१९ जून, गुरुवार

टीम काढून घेतली. 'तात्पुरतं', म्हणाला कॉनराड. मला आता कॅलेंडरच्या विभागात टाकलंय. कुठल्या देशात कोणती सुट्टी कधी, ते तपासायचं. भाषांतरात अर्धं आयुष्य घालवलेली बाई आता नॉर्वेतली ईस्टरची सुट्टी बघते आहे.

मी कॅन्टीनमध्ये शिरले की बोलणं थांबतं. कोणी दुष्ट नाही त्यातलं. उद्या हॉलिसबाईंनी विचारलं तर सांगण्यासारखं काही नको, म्हणून गप्प होतात. मीही हेच केलं असतं.

संध्याकाळी बॅग भरली. आईकडे राहते काही दिवस. वॉरेन दारापर्यंत आला. बॅग गाडीत ठेवून दिली. तेवढंच.

४ जुलै, शुक्रवार

आईकडे. स्वातंत्र्यदिनाचे फटाके. वॉरेनला मी बोलावलं नाही, तो आला नाही.

२७ जुलै, रविवार

वॉरेन आला. वजन उतरलंय. आईनं कधीपासून सांगितलेला नळ दुरुस्त केला, मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"घरी चल."

"एक शब्द सांग. मग चलते."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "ऊन छान पडलंय."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पार्टीतल्या परक्या माणसाला देतात ते उत्तर मला? मी आत गेले आणि तो गेल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर आले नाही. लपवायला काही नसतं तर हवामान कशाला काढलं असतं? म्हणजे त्यानंच सांगितली तारीख. आता शंका उरली नाही.

आई म्हणाली, "नळ चांगला बसवलाय." तिला वाटतं, सगळं तिच्यामुळे झालं. रोज देवापुढे मेणबत्ती. मला ती बघवत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी ऑफिसात केक. त्यावर साखरेचे दोन हात, एकमेकांत गुंफलेले.

थोरली आणि धाकटी एक झाल्या! स्टेजवर कॉनराड आणि त्यांचा मुख्य माणूस गळ्यात गळे घालून. जर्दाळू बंद. धाकटीच्या इअरफोनमध्ये यापुढे आमचा आवाज — म्हणजे माझ्या टीमचा. बदल्यात त्यांच्या प्रत्येक फोनवर शोधायला आमचंच दार पहिलं, पुढची कित्येक वर्षं. कानात आम्ही जायचं नाही, शोधात त्यांनी यायचं नाही. दोन जावांनी घर वाटून घेतलं आणि बाकीच्यांना दाराबाहेर काढलं. धाकटीच्या फोनवर आता बाहेरच्या कोणालाही कानात बोलता येणार नाही. 'सुरक्षिततेसाठी.' म्हणजे डॅनिकाचा धंदा आजपासून संपला.

जर्दाळूच्या टीमला दुपारी नोकरीवरून काढल्याची पत्रं मिळाली. नोरीनलाही. केक कापून झाल्यावर.

बातमीत एक ओळ होती. वाटाघाटी फेब्रुवारीपासून चालू होत्या. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. फेब्रुवारी! मग मे महिन्यात आम्ही कोणाशी लढत होतो?

२० ऑगस्ट, बुधवार

आज कॅलेंडरला दांडी. आई आणि मी बटाटे सोलत होतो तेव्हा वॉरेन आला. उभ्यानंच बोलला, बसला नाही.

"फेब्रुवारीपासून मी त्या खोलीत होतो. मीच करार लिहीत होतो. तारीख कॉनराडनं दिली, मेच्या पहिल्या आठवड्यात. तुला कळायच्या आधी मला माहीत होती."

मी सुरी खाली ठेवली.

"तो म्हणाला, तुम्ही आमच्या आधी उरकून घ्या. मग आमचं मागे पडलं म्हणून बंद करायला कारण मिळेल. आमचे लोक चिडतील, तेही बरंच आहे, म्हणाला. नाहीतर दोघांचं आधीच ठरलंय असा वास यायचा."

"आमचे लोक म्हणजे मी," मी म्हणाले.

"हो."

"मी रविवार रविवार जात होते. नोरीन बाळ टाकून येत होती. तू बघत होतास."

"हो."

असा माणूस! एक सबब सांगितली नाही. बोललो असतो तर नोकरी गेली असती, वर खटला — हे त्यानं म्हटलं नाही, मलाच ते ठाऊक आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यानं भिंत राखली. मी जिचा अभिमान मिरवत होते तीच. मी त्याच्या जागी असते तर? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"मग आज का सांगतोस?"

त्यानं आईकडे पाहिलं. "फिलोमेनांचा परवा फोन आला होता. माझी माफी मागत होत्या. माझ्या तोंडामुळे तुमचा संसार मोडला, म्हणाल्या. ते मला ऐकवेना."

आईनं हातातला बटाटा बादलीत टाकला. सावकाश उठली, पंच्याला हात पुसले, आणि त्याच पंच्यानं वॉरेनच्या खांद्यावर एक सणसणीत फटका मारला. "सगळा उन्हाळा मी देवाचे पाय धरले, आणि तू आमच्या नळाखाली बसून मूग गिळत होतास?"

मग त्याला जेवायला बसवलं. मी नाही बसले.

७ सप्टेंबर, रविवार

घरी परतले. माफ केलं म्हणून नाही. आईकडच्या गादीनं पाठ धरली म्हणून, आणि तो नसला की रात्री ऐकू येणारी शांतता मला सोसत नाही म्हणूनही.

टेबलावर बोलायला आता काही नियम नाही. तरी बोलत नाही. मिठाची बरणी इकडून तिकडे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

डॅनिकानं सरकारकडे तक्रार केली. दोन मोठ्यांनी आपसांत ठरवून बाजार वाटून घेतला, म्हणून. लिहिलंय तिनं — 'बाजार', 'वाटून', 'चिरडलं'. आमच्या वकिलांचं शिक्षण ती विसरली, बरं झालं.

आणि आज फेन म्हणून एका सरकारी वकिलाचा फोन. सॅन फ्रान्सिस्कोहून. मी गाडीत जाऊन बसले, सवयीनं.

"तुमच्यावर तारीख बाहेर गेल्याचं खापर फोडलं गेलं होतं, असं कळलं. ती खरंच कशी गेली, तुम्हाला काही माहिती आहे का?"

"इथे ऊन छान पडलंय," मी म्हणाले.

"इथे धुकं आहे," फेन म्हणाले. मग नीट समजावलं. जबरदस्ती नाही. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला मला कोणी भाग पाडू शकत नाही. स्वतःहून आलात तर १७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ.

म्हणजे त्यांना थोडंफार कळलंय. पण कागदावर काही सापडत नाही. कसं सापडेल? तोंडी बोलायचं ही कॉनराडची शिस्तच आहे. जे आहे ते वॉरेनच्या दोन वाक्यांत आहे, आणि ती त्यानं आईच्या स्वयंपाकघरात आमच्यासाठी उच्चारली. मी ती सांगितली तर त्याची नोकरी जाईल. करार त्याच्या हातचा आहे, तेव्हा कदाचित जास्तच काही. नाही सांगितली तर डॅनिका, नोरीन, आणि ज्या दवाखान्यात पेशंटचं बोलणं डॉक्टरला कळणार नाही तो दवाखाना.

मी बराच वेळ गाडीतच बसून राहिले. वॉरेन खिडकीतून बघत होता. विचारलं नाही त्यानं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज विचारलं. जेवताना, पाव मोडता मोडता.

"तुला कोणाचा फोन आला होता का?"

"ऊन छान पडलंय."

आपोआप तोंडातून गेलं. वॉरेननं मान डोलावली आणि खात राहिला. जुलैत मी दार आपटून आत गेले होते. त्यानं दारही आपटलं नाही.

आता कळलं, त्या बाजूनं हे वाक्य बोलायला किती जड जातं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आईला फेन यांचं नाव न काढता विचारलं. नवऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर सांगावं का.

ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आमच्या वेळी इथे फळांचे दोन मोठे कारखाने होते. एकमेकांचे कट्टर वैरी, पाट्यासुद्धा समोरासमोर. पण मजुरी दोन्हीकडे तेवढीच. वर्षानुवर्षं. मग कळलं, दोघं मालक महिन्याला एकत्र जेवतात आणि तिथेच ठरवतात."

"कसं कळलं?"

"एका मुकादमाला माहीत होतं. त्यानं बायकोला सांगितलं. बायकोनं युनियनला."

"मग?"

"मग मजुरी वाढली. तुझा बाप मात्र वर्षभर माझ्याशी बोलला नाही."

आजवर हे ती एका शब्दानं बोलली नव्हती.

"पस्तावलीस?"

"वर्ष वाईट गेलं," आई म्हणाली. "लसूण तूही सोल, बसून काय राहिलीस."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलं. जाणार.

वॉरेनला सांगितलं, उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, वेळ लागेल. तो म्हणाला बरं झालं, त्यालाही उद्या फ्रेझ्नोला मीटिंग आहे, पहाटेच निघेल. मला हायसं वाटलं. त्याच्या तोंडाकडे पाहून घराबाहेर पडणं जमलं नसतं.

उद्यानंतर तो माझ्याशी बोलेल की नाही, देव जाणे. मला तो हवा आहे. हे इथे लिहिते, कारण त्याला कधी नीट सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सॅन फ्रान्सिस्को, सरकारी इमारत. फेन यांच्या दारासमोर बाकावर बसले होते, पर्स मांडीवर घट्ट धरून. दार उघडलं. आतून वॉरेन बाहेर आला. एकटा — धाकटीचा वकील बरोबर नव्हता. मागून फेन म्हणत होते, "तुम्ही स्वतःहून आलात, सगळं सांगितलंत, आभारी आहे."

वॉरेननं मला पाहिलं. मी त्याला.

मग म्हणाला, "गाडी कुठे लावलीस?"